मोटारसायकल इंजिनाचे संगणकीय निदान व ट्यूनिंग

मोटारसायकल इंजिनाचे संगणकीय निदान व ट्यूनिंग म्हणजे इंधन-इंजेक्शन असलेल्या मोटारसायकलच्या नियंत्रक संगणकाशी केबल किंवा ब्लूटूथद्वारे संपर्क साधून इंजिनातील बिघाड शोधणे आणि आवश्यकता भासल्यास इंधनाचे प्रमाण व ठिणगीची वेळ बदलणे होय. या नियंत्रक संगणकाला सर्वत्र ईसीयू असे म्हटले जाते. निदान आणि ट्यूनिंग ही दोन कामे परस्परांहून भिन्न आहेत. निदानात ईसीयूमधील माहिती मुख्यतः वाचली जाते, तर ट्यूनिंगमध्ये ईसीयूच्या स्मृतीतील तक्ते बदलले जातात. ही दोन्ही कामे पुष्कळदा एकाच सॉफ्टवेअरमधून होत असल्यामुळे नवशिके त्यांची गल्लत करतात आणि बिघाड न शोधताच तक्ते बदलू लागतात.

सॉफ्टवेअरच्या पडद्यावर दिसणारा आकडा हा इंजिनाची प्रत्यक्ष स्थिती नसून संवेदकाकडून, अर्थात सेन्सरकडून, आलेल्या विद्युत संकेताचा ईसीयूने लावलेला अर्थ असतो. संवेदक, तार किंवा जोडणी सदोष असेल तर हा अर्थ चुकतो. त्यामुळे पडद्यावरील आकडा इंजिनावर पडताळून पाहणे हा या विषयाच्या शिक्षणाचा गाभा आहे. सॉफ्टवेअरची बटणे एका दिवसात शिकता येतात. पडताळणीची सवय लागण्यास मात्र बराच काळ जातो.

पार्श्वभूमी

कार्बोरेटर असलेल्या इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण जेट, फ्लोट, सुई व एअर स्क्रू यांच्या साहाय्याने ठरत असे. गाडीचा ‘स्लो’ ऐकून, सायलेन्सरचा धूर पाहून आणि स्पार्क प्लगच्या टोकाचा रंग बघून मेकॅनिक मिश्रणाचा अंदाज बांधत. प्लगचे टोक काळे व काजळलेले असल्यास पेट्रोल जास्त, पांढरट असल्यास पेट्रोल कमी आणि विटकरी-तपकिरी असल्यास मिश्रण योग्य, हा ठोकताळा आजही उपयोगी आहे.

इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शन असलेल्या पहिल्या उत्पादित मोटारसायकलींमध्ये कावासाकीच्या १९८० सालच्या झेड-१००० मालिकेतील गाडीची गणना होते. त्यानंतर होंडाची सीएक्स-५०० टर्बो (१९८२) आणि बीएमडब्ल्यूची के-१०० (१९८३) या गाड्या आल्या. भारतात हीरो होंडाने २००६ मध्ये ग्लॅमर एफआय ही गाडी विक्रीस आणली. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय बाजारात आणली. २००९ मध्ये मात्र त्याच पल्सर २२० ची कार्बोरेटर असलेली व तुलनेने स्वस्त आवृत्ती आणून कंपनीने इंजेक्शन मागे घेतले. नव्या तंत्राची वाटचाल नेहमी एकाच दिशेने होते, असे नाही.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही उत्सर्जन मानके लागू झाली आणि बहुतांश नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर हद्दपार झाला. याच मानकांनी दुचाकीवर अंतर्गत निदान प्रणाली, म्हणजे ओबीडी, बंधनकारक केली. मोटारींच्या बाबतीत अशी सक्ती प्रथम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ मध्ये केली होती, तर प्रमाणित स्वरूपाची ओबीडी-२ प्रणाली अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना लागू झाली. भारतीय दुचाकींच्या पहिल्या टप्प्यात संवेदकांच्या तारा तुटलेल्या आहेत का, एवढे तपासणे पुरेसे होते. १ एप्रिल २०२३ आणि १ एप्रिल २०२५ पासूनच्या पुढील टप्प्यांत प्रणालीची देखरेख वाढवण्यात आली.

कार्यतत्त्व

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांना एक चक्र पूर्ण होते. मिनिटाला ६,००० फेरे या गतीला एका चक्रास २० मिलिसेकंद लागतात. एवढ्या अवधीत ईसीयूला इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवावा आणि ठिणगी केव्हा पाडावी, हे ठरवावे लागते. त्यासाठी क्रँकची स्थिती, थ्रॉटलची उघडझाप, मॅनिफोल्डमधील दाब, आत येणाऱ्या हवेचे तापमान, इंजिनाचे तापमान आणि सायलेन्सरच्या नळीतील प्राणवायू यांचे संवेदक ईसीयूला संकेत पुरवतात.

ईसीयूच्या स्मृतीत या निर्णयांसाठी तक्ते साठवलेले असतात. तक्त्याच्या एका बाजूस इंजिनाची गती आणि दुसऱ्या बाजूस इंजिनावरील भार असतो. प्रत्येक चौकटीत त्या स्थितीसाठीचा आकडा असतो. भार ठरवण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत मॅनिफोल्डमधील दाबावरून हवेचे प्रमाण काढले जाते. दुसऱ्या रीतीत थ्रॉटल किती उघडा आहे, यावरून ते ठरते. एकच सिलिंडर असलेल्या इंजिनात हवा धक्क्याधक्क्याने ओढली जाते व दाबाचा आकडा सतत वरखाली होतो. त्यामुळे अशा इंजिनासाठी थ्रॉटलवर आधारलेली रीत पुष्कळदा सोयीची ठरते, अथवा दोन्हींचा मेळ घातला जातो.

हवेचा दाब उंचीनुसार बदलतो. समुद्रसपाटीला तो सुमारे १०१ किलोपास्कल, पुण्यात सुमारे ९५, महाबळेश्वरास सुमारे ८६ आणि ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे ६६ च्या आसपास असतो. घाट चढताना कार्बोरेटरच्या गाडीचे मिश्रण आपोआप पेट्रोलने दाट होत जाते व गाडी ‘ओढत नाही’ अशी तक्रार येते. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू दाब मोजून पेट्रोल कमी करतो. विरळ हवेमुळे कमी झालेली शक्ती मात्र कोणत्याही ट्यूनिंगने पूर्णपणे भरून काढता येत नाही.

शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. प्रत्यक्ष प्रमाण आणि हे आदर्श प्रमाण यांच्या गुणोत्तरास लॅम्डा म्हणतात. लॅम्डा १ असल्यास मिश्रण संतुलित, १ हून कमी असल्यास दाट आणि अधिक असल्यास पातळ असते. पूर्ण शक्तीसाठी मिश्रण थोडे दाट, साधारण ०.८६ ते ०.९० लॅम्डाच्या दरम्यान, ठेवले जाते.

इथे भारतीय विद्यार्थ्यांना एक अडचण येते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे आदर्श प्रमाण १४.७ नसून सुमारे १३.५ आहे. प्राणवायू-संवेदक मोजतो तो लॅम्डा. अनेक सॉफ्टवेअर त्याला सरळ १४.७ ने गुणून आकडा दाखवतात. त्यामुळे असे पेट्रोल भरलेल्या गाडीच्या पडद्यावर १४.७ दिसते, तेव्हा प्रत्यक्ष प्रमाण १३.५ च्या जवळ असते. या कारणास्तव ट्यूनिंग करताना पडद्यावर लॅम्डाच ठेवणे इष्ट असते.

साधने

मोटारींमध्ये निदानासाठी सोळा पिनांचा प्रमाणित सॉकेट असतो. नव्या मोटारसायकलींमध्ये बहुधा सहा पिनांचा, लाल रंगाचा सॉकेट सीटखाली किंवा बाजूच्या पॅनलमागे आढळतो. त्याचे स्वरूप आयएसओ १९६८९ या मानकाने ठरवले आहे. मोटारींचे स्कॅनर जोडण्यासाठी मध्ये एक अडॅप्टर लागतो. जुन्या गाड्यांत एकाच तारेवरून संथ गतीने चालणारी के-लाइन, तर नव्या गाड्यांत कॅन ही संपर्कपद्धती वापरली जाते. सॉकेट बसला म्हणून संवाद सुरू होईलच असे नाही. ईसीयू आणि सॉफ्टवेअर यांची ‘बोली’ एकच असावी लागते.

स्वस्त साधनांमध्ये ईएलएम३२७ या चिपवर आधारलेले अडॅप्टर सर्वाधिक प्रचलित आहेत. मूळ चिप कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीची होती. बाजारातील बहुसंख्य अडॅप्टर तिच्या नकला असून त्यांतील काहींना सर्व आज्ञा समजत नाहीत. ‘गाडी कनेक्ट होत नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा गाडीत नसून अडॅप्टरमध्ये असते.

सॉफ्टवेअरचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. कंपन्यांची अधिकृत साधने सर्व कामे करतात, परंतु ती सेवा केंद्रांपुरती मर्यादित असतात. ट्यूनईसीयू हे ट्रायम्फ, केटीएम आदी काही गाड्यांसाठीचे आणि गझीडायग हे प्रामुख्याने मोटो गुझीसाठीचे सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे विकसित झाले आहे. तिसऱ्या प्रकारात मूळ ईसीयू काढून त्याजागी बसवण्याच्या मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनो यांसारख्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या ईसीयूंसोबत वापरले जाणारे ट्यूनरस्टुडिओ येते. स्पीडुइनोची रचना मुक्तस्रोत असून ती आर्डुइनोवर आधारलेली आहे, म्हणून ईसीयू आतून कसा चालतो हे समजून घेऊ इच्छिणाऱ्यांना ती विशेष उपयुक्त ठरते. याखेरीज मूळ ईसीयू तसाच ठेवून त्याचे संकेत वाटेत बदलणारी जोडयंत्रेही मिळतात.

सॉफ्टवेअरशिवायही काही निदान करता येते. होंडाच्या अनेक गाड्यांत बिघाडाचा दिवा ठरावीक पद्धतीने लुकलुकतो. लांब चमक म्हणजे दहा आणि आखूड चमक म्हणजे एक. सात आखूड चमका इंजिनाच्या तापमान-संवेदकाकडे, आठ थ्रॉटल-संवेदकाकडे, तर एक लांब व दोन आखूड चमका इंजेक्टरकडे निर्देश करतात.

निदान शिकण्याचा क्रम

शिकणाऱ्याने पहिल्यांदा निरोगी गाडी जोडावी, असा संकेत आहे. गाडी थंड असताना, गरम झाल्यावर, स्लोवर आणि स्थिर गतीला कोणते आकडे दिसतात याची नोंद केल्याशिवाय बिघडलेल्या गाडीतील आकडा वेगळा आहे हे ओळखता येत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे स्विच सुरू करून, इंजिन चालू न करता पाहिल्यास इंजिनाचे तापमान आणि हवेचे तापमान जवळपास सारखे हवे. दाबाच्या संवेदकाने त्या गावाच्या उंचीला साजेसा दाब दाखवायला हवा. थ्रॉटल सावकाश उघडत नेल्यास आकडा खंड न पडता चढत जायला हवा. या तीन तपासण्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत आणि त्यांतून बरेच सदोष संवेदक उघडे पडतात.

बिघाडाचे कोड वाचताना नेमका शब्दार्थ ध्यानात घ्यावा लागतो. पी०११७ हा कोड इंजिनाच्या तापमान-संवेदकाच्या मंडलात व्होल्टेज कमी असल्याचे सांगतो. संवेदक बाद झाला आहे, असे तो सांगत नाही. तार कुठे घासून चेसिसला टेकली असेल तरीही हाच कोड येतो. याउलट तार तुटल्यास व्होल्टेज वाढते व पडद्यावर उणे ४० अंश सेल्सियस असे अशक्य तापमान दिसू शकते. काही ईसीयू अशा वेळी स्वतःच एक सोयीचे तापमान गृहीत धरून तेच दाखवतात, त्यामुळे पडदा पाहून संशयही येत नाही. मल्टिमीटर ही म्हणूनच सॉफ्टवेअरइतकीच आवश्यक वस्तू आहे. कोड पुसण्यापूर्वी तो लिहून ठेवणे अगत्याचे असते, कारण बिघाडाच्या क्षणी साठवलेली इंजिनाची स्थितीही त्याबरोबर पुसली जाते.

सर्वांत अधिक फसगत प्राणवायू-संवेदकाच्या बाबतीत होते. सायलेन्सरची नळी इंजिनाला जिथे जोडली जाते तिथला गॅस्केट फुटला, तर बाहेरची हवा नळीत ओढली जाते. संवेदकाला प्राणवायू जास्त आढळतो आणि तो मिश्रण पातळ असल्याचे कळवतो. ईसीयू पेट्रोल वाढवत जातो. गाडीचे ॲव्हरेज घटते, प्लग काजळतो. पडद्यावर मात्र ‘पातळ’ असेच दिसत राहते. ठिणगी अधूनमधून चुकत असेल तरीही असेच घडते, कारण न जळलेल्या मिश्रणातील प्राणवायू तसाच नळीत येतो. अशा वेळी पडदा आणि प्लग परस्परविरुद्ध साक्ष देतात. जुन्या मेकॅनिकने प्लग काढून पाहावा आणि संगणक शिकलेल्या मुलाने पडदा पाहावा, अशी कामाची वाटणी अनेक गॅरेजांत दिसते. दोघांनी आपापली निरीक्षणे शेजारी ठेवली तर गॅस्केटपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. एकट्या पडद्यावर विसंबणारा चांगला संवेदक काढून नवा बसवतो, आणि तक्रार कायम राहते.

इंधनदुरुस्तीची टक्केवारी, अर्थात फ्युएल ट्रिम, ही निदानातील सर्वांत बोलकी नोंद होय. ईसीयू तक्त्यातील पेट्रोलात स्वतःहून किती वाढ वा घट करत आहे, हे तिच्यावरून कळते. स्लोवर ही वाढ मोठी असून गती वाढताच ती कमी होत असेल, तर मॅनिफोल्डच्या रबरातून हवा गळत असल्याची शक्यता असते. उलट, भार वाढेल तशी वाढ वाढत गेली, तर पेट्रोलपंपाचा दाब किंवा फिल्टर तपासावा लागतो. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या तक्त्यावर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल चालवल्यासही साधारण सात-आठ टक्के वाढ दिसू शकते. तो बिघाड नसतो.

ट्यूनिंग

तक्त्यांना हात लावण्यापूर्वी यांत्रिक बाजू निर्दोष असणे अनिवार्य आहे. व्हॉल्व्हची फट, एअर फिल्टर, प्लग, बॅटरीचे व्होल्टेज, पेट्रोलचा दाब, एकाहून अधिक सिलिंडर असल्यास थ्रॉटलचा समतोल आणि बंद थ्रॉटलच्या स्थितीचे व्होल्टेज ही तपासणी आधी होते. बॅटरीचा उल्लेख वरवरचा नाही. विद्युतप्रवाह मिळाल्यावर इंजेक्टर उघडण्यास साधारण एक मिलिसेकंद लागतो आणि व्होल्टेज घटले की हा विलंब वाढतो. स्लोवर इंजेक्टर एकूणच दोन-तीन मिलिसेकंद उघडा राहत असल्याने कमकुवत बॅटरीमुळे मिश्रणात मोठा फरक पडू शकतो.

मूळ गाडीतील साधा प्राणवायू-संवेदक मिश्रण दाट आहे की पातळ, एवढेच सांगतो. किती दाट, हे तो विश्वासार्हपणे सांगू शकत नाही. म्हणून ट्यूनिंगसाठी वाइडबँड संवेदक जोडला जातो. त्यानंतरचे गणित सोपे आहे. समजा, एका चौकटीत ६२ हा आकडा आहे, अपेक्षित लॅम्डा ०.९० आहे आणि मोजलेला ०.९७ आला. ६२ ला ०.९७ ने गुणून ०.९० ने भागल्यास सुमारे ६६.८ येतात, हाच त्या चौकटीचा नवा आकडा. कठीण भाग गणिताचा नसतो. इंजिन त्या चौकटीत स्थिर होते का, ते पुरेसे तापलेले होते का, थ्रॉटल नुकताच उघडल्यामुळे आलेले जादा पेट्रोल त्या मोजणीत मिसळले का, हे ठरवणे अवघड असते. अशा अस्थिर क्षणांच्या नोंदी वगळाव्या लागतात. एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक बदलाची दिनांकासह नोंद ठेवावी, हा नियम कंटाळवाणा असला तरी त्याला पर्याय आढळलेला नाही.

ठिणगीची वेळ बदलणे अधिक जोखमीचे आहे. ठिणगी प्रमाणाबाहेर आधी पडल्यास मिश्रण अकाली भडकून नॉकिंग होते आणि पिस्टनला भोकही पडू शकते. पातळ मिश्रण व तापलेले, हवेने थंड होणारे इंजिन ही परिस्थिती त्याला पोषक ठरते. अधिक ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी तयार केलेला परदेशी तक्ता जसाच्या तसा चढवणे धोक्याचे असते. ही जुळणी डायनोवर करावी लागते. सार्वजनिक रस्त्यावर लॅपटॉप पाठीशी बांधून पूर्ण थ्रॉटल उघडण्याचे प्रयोग चालकाच्या व इतरांच्याही जिवावर बेतू शकतात.

नवा तक्ता ईसीयूत लिहिला जात असताना वीज खंडित झाल्यास किंवा केबल निसटल्यास ईसीयू निकामी होऊ शकतो. त्यामुळे मूळ फाइल आधी उतरवून सुरक्षित ठेवणे, बॅटरीला चार्जर लावणे आणि हेडलाइटसारखे भार बंद करणे आवश्यक असते.

विद्यार्थी स्पर्धा

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे काम मुळापासून करण्याची संधी फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांत मिळते. भारतात फॉर्म्युला भारत ही अशी स्पर्धा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर भरत आली आहे. या स्पर्धांतील गाड्यांना सामान्यतः मोटारसायकलचे इंजिन बसवले जाते. बजाजच्या चाकण येथील कारखान्यात तयार झालेले केटीएम ३९० चे ३७३ घनसेंमी क्षमतेचे इंजिन भारतीय संघांत लोकप्रिय राहिले आहे. नियमांनुसार पेट्रोल इंजिनात जाणारी सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या चिंचोळ्या नळीतूनच घ्यावी लागते. ही नळी, नवे मॅनिफोल्ड आणि नवा सायलेन्सर यांमुळे कारखान्याचा तक्ता निरुपयोगी होतो. शिवाय मूळ ईसीयूला मोटारसायकलवरील जे संकेत अपेक्षित असतात, ते या गाडीत नसतात. त्यामुळे संघ प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू बसवून तक्ता रिकाम्या पानापासून तयार करतात. इंजिन पहिल्यांदा सुरू होण्यातच अनेक दिवस जातात, आणि कारण पुष्कळदा तक्त्यात नसून क्रँक-संवेदकाच्या उलट जोडलेल्या तारांत सापडते.

कायदेशीर बाजू व दुरुस्तीचा हक्क

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात नोंदणीपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-क मध्ये अनधिकृत बदल करणाऱ्या वाहनमालकासाठी कैद व प्रत्येक बदलामागे दंडाची तरतूद आहे. वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत उत्सर्जनाच्या चाचण्या पार करून मंजूर झालेला असतो. तक्ता बदलल्यावर गाडी त्या चाचण्यांत उत्तीर्ण होईलच, याची कोणतीही हमी उरत नाही. उत्सर्जन-नियंत्रण निष्प्रभ करणारे ट्यूनिंग म्हणूनच केवळ स्पर्धेच्या गाड्यांपुरते समर्थनीय ठरते. कोड वाचणे व बिघाड शोधणे यांना मात्र ही बंधने लागू होत नाहीत.

दुसरा प्रश्न माहितीच्या उपलब्धतेचा आहे. कार्बोरेटर उघडायला स्क्रू-ड्रायव्हर पुरत असे. ईसीयू उघडायला कंपनीची परवानगी लागते. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले. ज्या क्षेत्रांतील कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तेथे द्यावी अशी अपेक्षा आहे, त्यांत वाहन उद्योगाचाही समावेश आहे. उत्सर्जनाशी निगडित कोड प्रमाणित असल्याने ते कोणत्याही सुसंगत स्कॅनरवर वाचता येतात. ‘पी१’ ने सुरू होणारे कोड मात्र प्रत्येक कंपनीचे स्वतःचे असतात. नवा ईसीयू गाडीच्या चावीशी जुळवणे किंवा त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे ही कामे बहुधा अधिकृत साधनांवरच होतात. परिणामी तालुक्याच्या गावातील मेकॅनिकला बिघाड अचूक सापडला, तरी अशा प्रसंगी शेवटच्या टप्प्यासाठी गाडी टेम्पोत घालून शहरातील सेवा केंद्राकडे पाठवावी लागते.